चोळमंडलाचा इतिहास कसा अभ्यासावा : बडोदेकर वाचकासाठी

तंजावरचे नाव बडोद्यातल्या मराठी माणसाला परके नाही. १८८० साली सयाजीराव महाराजांचा विवाह तंजावरच्या लक्ष्मीबाई मोहिते, म्हणजेच पहिल्या चिमणाबाई, यांच्याशी झाला आणि त्यांच्याबरोबर तिकडच्या नर्तकीही येथील दरबारात आल्या. या ओळखीमुळे आपल्यापैकी पुष्कळ जण तंजावरचा इतिहास व्यंकोजी भोसल्यांपासून वाचायला घेतात आणि त्याआधीचे सारे प्रस्तावना समजून उरकतात. तसे करू नये. मराठ्यांच्या हाती जो प्रदेश आला, त्यातील कालव्यांची आणि देवस्थानांच्या उत्पन्नाची घडी कित्येक शतके आधीपासून बसत आली होती.

अभ्यासाला बसताना प्रथम नकाशा घ्यावा, राजांची यादी नंतर. तिरुचिरापल्लीपाशी कावेरीतून कोळ्ळिडमचा फाटा निघतो आणि पुढे समुद्रापर्यंत भाताचा सुपीक त्रिभुज प्रदेश पसरतो, हेच चोळमंडल. त्यावर उरैयूर, पुहार बंदर, कुंभकोणम, तंजावर आणि कोळ्ळिडमच्या उत्तरेचे गंगैकोंडचोळपुरम एवढी ठिकाणे खुणावून ठेवली, की प्रत्येक घराण्याला हा मुलूख का हवा होता हे वेगळे सांगावे लागत नाही.

मग कालपट आखावा. अशोकाच्या शिलालेखांत चोळांचा उल्लेख आहे, संगम साहित्यात, म्हणजे प्राचीन तमिळ काव्यात, करिकाल या चोळ राजाचे नाव गाजते, आणि त्यानंतरचा कळभ्र व पल्लवांचा काळ पहिल्या वाचनात ओझरता पाहिला तरी चालेल. इ. स. ८५० च्या सुमारास विजयालयाने तंजावर घेतले, तेथून १२७९ पर्यंत चोळांची सलग सत्ता धरावी. पुढे पांड्य, मदुराईचे सुलतान आणि विजयनगर. १५३२ पासून १६७३ पर्यंत तंजावरचे नायक. १६७५-७६ च्या सुमारास व्यंकोजी. १७९९ च्या तहाने कंपनीचा कारभार. आणि १८५५ साली संस्थानाचा शेवट.

खरे कसब लागते ते चोळांच्या शिलालेखांतील वर्षे वाचताना. हे लेख शक नव्हे, तर बहुधा राजाचे राज्यवर्ष देतात. राजराज पहिला जून-जुलै ९८५ मध्ये गादीवर आला. त्याने तंजावरात बांधलेल्या बृहदीश्वर मंदिराच्या शिखरावर बसवायचा सोन्याने मढवलेला तांब्याचा कलश त्याने पंचविसाव्या वर्षाच्या २७५ व्या दिवशी दिल्याची नोंद मंदिरावरच कोरलेली आहे. पहिले वर्ष राज्यारोहणापासून मोजले जात असल्यामुळे ९८५ मध्ये पंचवीस न मिळवता चोवीस मिळवावेत. पंचविसावे वर्ष १००९ च्या मध्यास सुरू होते आणि २७५ वा दिवस १०१० च्या वसंतात येतो. राजेंद्राची वर्षे मात्र १०१२ पासून, म्हणजे वडील हयात असतानाच, मोजली जातात. त्यामुळे दोन राजांची वर्षे एकमेकांवर आली तर ती चूक समजू नये. वर्षाचा आकडा झिजलेला असेल, तर लेखाच्या आरंभीची मेय्कीर्ती, म्हणजे राजाची पराक्रमगाथा, पाहावी. नवे विजय मिळतील तशी ती लांबत जाते आणि कोणता विजय अजून तीत आलेला नाही यावरून काळाची मर्यादा ठरवता येते.

स्थलपुराण, म्हणजे देवस्थानाची परंपरागत कथा, आणि शिलालेख यांची गल्लत होऊ देऊ नये. एकोणिसाव्या शतकात लेख नीट वाचले जाईपर्यंत हे मंदिर परंपरेने करिकालाचे मानले जाई. त्याचा कर्ता राजराज हे भिंतींनीच सांगितले, पण ते ऐकण्यासाठी कुणीतरी ओळ न् ओळ वाचावी लागली.

मंदिर पाहायला जाल तेव्हा प्रत्येक वस्तूपुढे ती कोणत्या राजवटीची, हा प्रश्न विचारावा. गर्भगृहाभोवतीच्या बोळात नायककालीन चित्रांखाली चोळकालीन भित्तिचित्रे १९३१ साली आढळली. सुब्रह्मण्याचे देखणे देऊळ आणि भव्य नंदी चोळांचे नाहीत, ते नायककाळाकडे जातात. आणि भोसल्यांच्या वंशाचा इतिहास १८०३ साली, दुसऱ्या सरफोजींच्या काळात, याच मंदिराच्या भिंतीवर मराठीत कोरला गेला. एका आवारात एवढे काळ नांदत असताना नुसते ‘चोळांचे मंदिर’ म्हणून पुढे जाणे मला अन्यायाचे वाटते.

बडोद्यातील नृत्यप्रेमींनी याच भिंतींवरील आणखी एक लेख अवश्य अभ्यासावा. राजराजाने मंदिराच्या सेवेसाठी आणलेल्या सुमारे चारशे नर्तकींची त्यात नावनिशीवार नोंद आहे: कोणती आळी, कोणती रांग, कितवे घर, पूर्वी ती कोणत्या देवळात होती. एवढ्या जुन्या काळातील बायकांची नावे घरासकट मिळावीत, ही मोठी दुर्मीळ गोष्ट आहे. मात्र तेथून थेट चिमणाबाईंबरोबर आलेल्या नर्तकींपर्यंत वंशरेषा ओढू नये. मधे जवळजवळ नऊशे वर्षे आहेत, आणि त्या नृत्याचा, म्हणजे भरतनाट्यमचा, आजचा क्रम पुष्कळसा सरफोजींच्या दरबाराशी संबंधित चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू या चार बंधूंनी बांधला.

मराठा कालखंडाकडे सर्वांत शेवटी यावे आणि तेथे मात्र रेंगाळावे. सरस्वती महाल ग्रंथालयातील मोडी कागदपत्रे मोडी जाणणाऱ्या मराठी वाचकाला अनुवादाशिवाय वाचता येतात. ही सोय अन्य अभ्यासकांना सहसा नसते. १८०३ चा लेख दरबाराने स्वतःच्या घराण्याविषयी लिहवलेला असल्यामुळे व्यंकोजींच्या राज्यप्राप्तीची त्यातील हकीकत जशीच्या तशी घेऊ नये. ती नायकांकडील आणि कंपनीकडील कागदांशी ताडून पाहावी, आणि जेथे मेळ बसणार नाही तेथे दोन्ही पाठ वहीत शेजारी शेजारी उतरवून ठेवावेत.