डिस्लेक्सिया: शब्द पन्नास वेळा लिहायला लावण्याआधी

वाचायला जड जाणाऱ्या मुलांना मी वीस वर्षं शिकवतेय. मुलं दरवर्षी नवी येतात, मोठ्यांच्या चुका मात्र त्याच.

सगळ्यांची आवडती चूक म्हणजे, "चुकलेला शब्द पन्नास वेळा लिही." चौथीतल्या एका मुलाची वही आईने अभिमानाने पुढे ठेवली. पन्नास वेळा 'प्रकाश', अक्षर नीटनेटकं. वही जरा निरखून पाहिली तर शाई दोन रंगांची. पठ्ठ्याने आधी पानभर नुसते 'प्र' उतरवले होते, मग 'का'ची रांग, मग पेन बदलून 'श'ची. मी म्हटलं, वाच बघू. पहिलं अक्षर बघून म्हणाला, "प्रवास." तासभर बसून तो शब्द त्याने एकदाही वाचला नव्हता. आईने कपाळाला हात लावला. मला त्या मुलाच्या डोक्याचं कौतुकच वाटलं, पण ते सांगायची ती वेळ नव्हती.

डिस्लेक्सियात अडचण डोळ्यांत किंवा हातात नसते. शब्दातले आवाज सुटे करणं आणि ते अक्षरांना जोडणं मेंदूला जड जातं. त्यात आपली लिपी आणखी गंमत करते. 'कि'मध्ये वेलांटी आधी दिसते, पण ऐकू येते नंतर. 'सूर्य'मधला र 'य'च्या आधी ऐकू येतो आणि बसतो त्याच्या डोक्यावर. म्हणून मी आधी वही मिटवते. शब्द मोठ्याने म्हणायचा, प्रत्येक अक्षराला एक शेंगदाणा पुढे सरकवायचा, मग ताटातल्या रव्यात बोटाने लिहायचं, आणि शेवटी न बघता वहीत तीनदा. बस्स. रोज पंधरा मिनिटं. रविवारी चार तास बसवणाऱ्यांनी माझ्याकडे येऊ नये.

चष्म्याचा नंबर जरूर तपासा, पण रंगीत काचांनी डिस्लेक्सिया जात नाही. स्मरणशक्तीच्या चूर्णानेही नाही.

पहिलीतल्या मुलाने 'ध'चा 'घ' केला म्हणून घाबरू नका. तिसरी-चौथीतही तेच चालू असेल तर "मोठा झाला की सुधारेल" म्हणत बसू नका.

वर्गासमोर उभं करून धडा वाचायला लावू नका. यावर मी वाद घालत नाही.

आता प्रमाणपत्र. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे (डिस्लेक्सिया त्यातच येतो), आणि दहावीच्या बोर्डात जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. तपासणी साधारण आठव्या वर्षापासून होते. तरी लोक उगवतात ते दहावीच्या जानेवारीत! बुद्ध्यांक, वाचन, लेखन, गणित अशा चाचण्यांना दोन-तीन फेऱ्या लागतात, शिवाय सरकारी रुग्णालयातली रांग. आणि मुलाला शिकवायला कागद हातात येईपर्यंत कशाला थांबायचं?

असेच एक वडील जानेवारीत आले. "या आठवड्यात होईल ना मॅडम? पोरगा आळशी आहे हो, बाकी काही नाही." मी माहितीचा फॉर्म दिला. त्यांनी तो बराच वेळ हातात धरला, मग बायकोकडे सरकवला. "तूच भर. मला हे बारीक अक्षर जमत नाही." चष्मा त्यांच्या नाकावरच होता. डिस्लेक्सिया घराण्यात चालतो. मी त्यांना खुर्ची पुढे ओढायला सांगितली आणि विचारलं, "तुम्ही शाळेत कसे होतात?"