आयव्हीएफ केंद्र निवडताना प्रयोगशाळा आधी पाहा
2021 च्या कायद्याने आयव्हीएफ (शरीराबाहेर, प्रयोगशाळेत भ्रूण तयार करण्याचा उपचार) केंद्राची नोंदणी सक्तीची असल्याने तिचे प्रमाणपत्र पहिल्याच भेटीत पाहावे. यशाचा टक्का सांगितला, तर तो गर्भधारणेचा की प्रत्यक्ष बाळ जन्मल्याचा, आणि तुमच्याच वयोगटातील स्त्रियांचा आहे का, हे विचारावे. भिंतीवरच्या बाळांच्या फोटोंवरून काहीच कळत नाही. खरी परीक्षा प्रयोगशाळेची: भ्रूणतज्ज्ञ पूर्णवेळ आहे की बोलावल्यावर येतो, वीज गेल्यास भ्रूण ठेवलेल्या, 37 अंशांवर चालणाऱ्या इनक्युबेटरची सोय काय, भ्रूणांच्या डिशवरचे नाव दुसरी व्यक्ती पडताळते का, आणि गोठवलेल्या भ्रूणांच्या टाकीतील द्रवरूप नायट्रोजनची पातळी कोण, कधी नोंदवते. तापमानाची नोंदवही दाखवायला टाळाटाळ झाली, तर दुसरे केंद्र शोधावे. लेखी अंदाजपत्रकात इंजेक्शने आणि भ्रूण साठवणुकीचे वार्षिक शुल्क धरलेले असावे.