खात्यावर ‘लीन’ लागलंय म्हणजे काय, आणि ते काढायचं कसं

गेल्या आठवड्यात शेजारचे काका मोबाइल घेऊन दारात उभे. ‘ताई, खात्यात बेचाळीस हजार तीनशे दिसतात, पण सगळे निघतच नाहीत. बँकेत विचारलं तर म्हणतात लीन लागलंय. कोणी लावलं? मी तर कुणाचं एक पैसा देणं नाही लागत.’

मी पिंपळगाव बसवंत आणि नाशिक मिळून एकतीस वर्षं बँकेत काढली, त्यातली निम्मी कर्जाच्या टेबलावर. हा शब्द ऐकून घाबरलेली माणसं मी रोज पाहिली आहेत, आणि अर्थ कळल्यावर त्यांचा उतरलेला चेहरा सावरतानाही. म्हणून सविस्तर लिहिते.

आपण ‘ईश्वरचरणी लीन’ म्हणतो, त्या लीनचा इथे काही संबंध नाही. हा शब्द बांधणे अशा अर्थाच्या लॅटिन शब्दावरून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. गाय तुमचीच, पण दावं दुसऱ्याच्या हातात, एवढं लक्षात ठेवलं की पुढचं सगळं समजतं. मालकी जात नाही, हिशोब मिटेपर्यंत वस्तू हलवता मात्र येत नाही.

काकांचा मोबाइल मी हातात घेतला. खात्याच्या तपशिलात तीन आकडे होते. एकूण शिल्लक 42,300, लीन 14,900, वापरता येणारी रक्कम 27,400. वजाबाकी बरोबर जुळत होती. मुलाला फोन लावला, तर त्याने वडिलांच्या खात्यावरून आयपीओचा, म्हणजे कंपनी पहिल्यांदा विकायला काढते त्या शेअरचा, अर्ज भरलेला! 2016 पासून अशा अर्जाचे पैसे आधी कापले जात नाहीत, खात्यातच अडवून ठेवतात. शेअर मिळाले तर कापतात, नाही मिळाले तर मोकळे करतात. काकांना चहा पाजून घरी पाठवलं.

म्हणजे लीन दिसलं की आधी हे तीन आकडे पाहायचे, मग शाखेत जाऊन विचारायचं: कोणाच्या सांगण्यावरून, किती रकमेवर, कशासाठी? ‘सिस्टिमने लावलंय’ हे उत्तर घेऊन परत फिरू नका. लीनमागे नोंदलेलं कारण असतं, ते वाचून दाखवायला सांगा.

हल्ली एक कारण फार वाढलंय. सायबर फसवणुकीची कोणी 1930 या सरकारी हेल्पलाइनवर तक्रार केली की तो पैसा ज्या ज्या खात्यांतून फिरला, तिथे तेवढी रक्कम अडवतात. तुम्ही माल विकून प्रामाणिकपणे घेतलेले यूपीआयचे पैसेही त्यात सापडू शकतात. अशा वेळी बँकेकडून तक्रारीचा पोचक्रमांक आणि कोणत्या राज्याच्या, कोणत्या ठाण्याच्या पोलिसांनी कळवलं ते लिहून घ्या. बिल, डिलिव्हरीचं चलन, व्हॉट्सॅपवरचं बोलणं, सगळं जपून ठेवा. त्याच्याच जोरावर पैसे सुटतात.

कायद्यातला मूळ अर्थ मला बँकेपेक्षा नाशिकजवळच्या सातपूरच्या कारखान्यांत जास्त स्पष्ट दिसला. भारतीय करार अधिनियम, 1872 चं कलम 170 सांगतं की तुमच्या वस्तूवर ज्याने मेहनत आणि कौशल्य खर्च केलं, त्याला मजुरी मिळेपर्यंत ती वस्तू ठेवून घेता येते. लेथवर जॉबवर्क करणारा पार्ट अडवू शकतो तो असा. पण ज्या मालावर काम केलं, त्याच मालाच्या मजुरीसाठी. मागच्या महिन्याचं बिल थकलं म्हणून या महिन्याचा माल धरून ठेवायचा, हे त्या कलमात बसत नाही. उधारीची मुदत कबूल केली असेल तरीही नाही. कायद्यातलं उदाहरण शिंप्याचं आहे: तीन महिने उधार देतो म्हणालास ना, मग कोट अडवू नकोस. आणि माल एकदा हातचा सुटला की लीनही सुटलं. शिवाय हा हक्क धरून ठेवण्यापुरताच, माल विकून पैसे वळते करण्याचा नाही. बँकेचा हक्क कलम 171 मधला, तो जास्त व्यापक.

सात-बाराच्या ‘इतर हक्क’ रकान्यात दिसतो तो बोजा. लोक त्यालाही लीनच म्हणतात, पण जमीन बँकेच्या ताब्यात नसते, तुम्हीच कसत असता. गाडीच्या आरसीवरचं हायपोथिकेशन, म्हणजे गाडी कर्जाला तारण असल्याची नोंद, तीही तशीच. तिथे कर्ज फिटल्यावर बँकेचा दाखला आणि फॉर्म 35 आरटीओत द्यावा लागतो. सात-बारावरचा बोजा कमी करायला बँकेचं पत्र घेऊन तलाठ्याकडे जा. फेरफार मंजूर झाल्यावर नवा उतारा काढून स्वतः वाचा. जिल्हा परिषदेतल्या शिक्षकांना हाच शब्द वेगळ्या अर्थाने भेटतो. मूळ पदावरचा त्यांचा हक्क म्हणजे लीन, सरकारी मराठीत धारणाधिकार. तो असणं फायद्याचं, तो घाईने सोडू नये.

आता माझंच सांगते. मुलीच्या शिक्षणासाठी मी मुदत ठेवीवर कर्ज काढलं, वेळेआधी फेडलं. ठेवीची मुदत संपली तेव्हा कळलं, लीन तसंच होतं आणि पैसे अडकलेले. तीन चकरा झाल्या. आयुष्यभर दुसऱ्यांची लीनं काढली आणि स्वतःची पावती कर्ज फेडल्याच्या दिवशी तपासली नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. तुम्ही तरी शेवटचा हप्ता भरला त्याच दिवशी काउंटरवर उभं राहून लीनची रक्कम शून्य झालेली दाखवायला सांगा. घराची कागदपत्रं गहाण असतील, तर रिझर्व्ह बँकेच्या 2023 च्या परिपत्रकानुसार कर्ज पूर्ण फिटल्यापासून 30 दिवसांत ती परत मिळायला हवीत. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई आहे.

अर्ज मराठीतच करा, असा:

‘माझं अमुक क्रमांकाचं कर्ज अमुक तारखेला पूर्ण फिटलं आहे. अमुक क्रमांकाच्या ठेवीवरील लीन काढून तसं लेखी कळवावं. काढता येत नसल्यास कारण लेखी द्यावं.’

दोन प्रती न्या. एकीवर शिक्का, सही आणि तारीख घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका.