छोट्या विमानात टॅब्लेटवर नेव्हिगेशन: या चुका टाळा, निदान माझ्या शेजारी बसून तरी करू नका

अमेरिकेत ॲरिझोनातल्या फिनिक्सच्या उत्तरेला डीअर व्हॅली नावाचा विमानतळ आहे. मोठी प्रवासी विमानं इथे येत नाहीत. दिवसभर सेसना आणि पायपर चिमण्यांसारख्या उठत-बसत असतात. इथे मी विमान चालवायला शिकवते. माझ्याकडचे बरेच विद्यार्थी भारतातून आलेले, त्यात एखाद-दुसरा मराठी कायम असतोच. प्रत्येकाच्या बॅगेत आयपॅड, आयपॅडमध्ये फोरफ्लाइट किंवा गार्मिन पायलट ही वाट दाखवणारी ॲप, आणि चुका इतक्या सारख्या, की कुठेतरी या चुकांचाच क्लास चालतो की काय असा मला संशय आहे.

आधी एक सांगते, म्हणजे कुणी मला जुन्या वळणाची मास्तरीण म्हणायला नको. मी स्वतः रोज टॅब्लेट वापरते. चार्टच्या, म्हणजे वैमानिकांच्या नकाशांच्या, घड्या मांडीवर उलगडत, वाऱ्याच्या झोतात त्या सावरत उडण्याचं मला काडीचंही कौतुक नाही. खासगी उड्डाणात कागदी चार्टऐवजी टॅब्लेट न्यायला अमेरिकेत वेगळी परवानगीही लागत नाही. तक्रार वेगळी आहे. टॅब्लेट सांगतो म्हणून आपण कुठे आहोत हे कळतं, आणि मग ते स्वतःहून माहीत असण्याची सवयच सुटते.

उन्हात टॅब्लेट तापवणे

ही माझी सगळ्यात नावडती चूक, म्हणून हिच्यावर जरा वेळ घेते. आयपॅड ० ते ३५ अंश सेल्सियसमध्ये वापरा असं ॲपल स्वतः सांगतं. जुलैत फिनिक्सला दुपारी ४३-४४ अंश ही नेहमीची गोष्ट. उन्हात उभ्या सेसनाच्या आत किती होत असेल याचा हिशेब तुम्हीच करा. त्यात आमचे वीर टॅब्लेटला जाड रबरी कव्हर घालतात, पडद्याचा उजेड पूर्ण वाढवतात, चार्जर लावतात आणि तो ठेवतात कुठे, तर समोरच्या काचेखाली, थेट उन्हात. खाली तवा, वर निखारे.

गेल्या वर्षीची गोष्ट. साताऱ्याचा एक मुलगा, हुशार, पण घाई फार. डीअर व्हॅलीहून पश्चिमेला, ल्यूक हवाई दलाच्या तळाला वळसा घालून व्हाइट टँक डोंगरापलीकडे जायचं, मग दक्षिणेला बकाय गाव, तिथून ८५ नंबरचा रस्ता धरून गिला बेंडला उतरायचं. दीडेक तासाचं जाऊन-येऊन काम. उंची ५,५००. बकाय मागे पडलं आणि टॅब्लेटचा पडदा काळा झाला. मधोमध थर्मामीटरचं चित्र, आणि आधी मला गार होऊ द्या अशी सूचना.

तो आधी काहीच बोलला नाही. चेकलिस्टने टॅब्लेटला वारा घालू लागला. मग हवेच्या झरोक्यापुढे धरला. मग बटण दाबून पाहिलं, परत वारा. एवढ्यात विमान ५,८०० फुटांवर गेलं होतं आणि हेडिंग, म्हणजे नाकाची दिशा, पंधरा अंश डावीकडे. मी गप्प.

शेवटी म्हणाला, "ताई, बंद पडला."

"कोण? इंजिन?"

"नाही, आयपॅड."

"मग उडव की विमान. कागदी चार्ट कुठंय?"

"बॅगेत."

"आणि बॅग?"

त्याने मागे पाहिलं. बॅग मागच्या सीटच्याही मागे, सामानाच्या कप्प्यात. सेसना १७२ मध्ये तिथवर हात पोहोचवायचा तर सीटवरून उठून मागे जावं लागतं, आणि ते मी करू देणार नव्हते.

खरी गंमत पुढे. आता खिडकीबाहेर बघण्यावाचून गत्यंतर नाही म्हणून त्याने बाहेर पाहिलं आणि चेहरा उजळला. "दिसलं! गिला बेंड!" समोर लांबलचक सुंदर रनवे. थ्रॉटल मागे घेऊन इंजिनाचा जोर कमी करत उतरायची तयारीसुद्धा सुरू झाली.

मी विचारलं, "आपल्याला कुठला रनवे हवाय?"

"४-२२."

"म्हणजे ईशान्य-नैऋत्य. हा कसा पसरलाय?"

त्याने हेडिंगकडे पाहिलं. आम्ही जवळजवळ दक्षिणेला चाललो होतो आणि रनवे नाकाच्याच रेषेत. तो होता १७-३५, म्हणजे जवळजवळ उत्तर-दक्षिण, हवाई दलाच्या गिला बेंड सहायक तळाचा. गावाचा विमानतळ आय-८ महामार्गाच्या उत्तरेला आहे, हवाई दलाचा दक्षिणेला. आणि महामार्गाच्या दक्षिणेला बॅरी गोल्डवॉटर रेंज, जिथे लढाऊ विमानं खरोखरचा दारूगोळा टाकतात. ८५ नंबरचा रस्ता महामार्ग ओलांडून तसाच त्या बाजूला जातो, त्यामुळे रस्त्याच्या नादाने गेलं की माणूस अलगद तिथे पोहोचतो. मी विमान हातात घेतलं आणि उजवीकडे वळवलं. महामार्ग अजून आमच्या पुढे होता, म्हणून निभावलं.

उतरल्यावर त्याने बाटलीभर पाणी प्यायलं. टॅब्लेट तोवर गार होऊन सुरूही झाला होता, जसं काही घडलंच नाही.

यावर माझ्या सवयी अशा. कव्हर काढून ठेवायचं. टॅब्लेट काचेखाली कधीच नाही. मांडीवर, सावलीत, झरोक्याचा वारा लागेल असा. घरून शंभर टक्के चार्ज करून निघायचं म्हणजे उन्हात चार्जर लावावा लागत नाही. उजेड लागेल तेवढाच. खाली उतरून चहाला गेलात तर टॅब्लेट सोबत, विमानात नाही. बर्फाच्या पिशवीवर टॅब्लेट ठेवणारेही पाहिलेत. बर्फाने ओल सुटते, तो उद्योग करू नका. दुसरं साधन म्हणजे फोन, त्यात तेच चार्ट उतरवून घेतलेले, आणि फोन खिशात. दोन्ही उपकरणं शेजारी शेजारी उन्हात ठेवली तर ती जोडीनेच झोपतात.

आणि एक चिठ्ठी. हाताच्या पंजाएवढा कागद, पेन्सिलने चार रकाने: पुढची खूण, हेडिंग, लागणारी मिनिटं, त्यानंतरची खूण. बकाय, ८५ नंबर, उजव्या हाताला दूर पालो व्हर्डे अणुवीज केंद्राची वाफ, मग महामार्ग. करायला दहा मिनिटं लागतात. "ॲप सगळं आपोआप काढतं, मग हाताने कशाला?" हा प्रश्न मला दर बॅचला विचारला जातो. हाताने लिहिलेलं डोक्यात राहतं म्हणून. चिठ्ठी नसेल तर मी इंजिन सुरू करू देत नाही. रुसायचं त्याने रुसावं.

सरळ रेघेवर विश्वास

ॲपमध्ये इथून तिथे असं बोटाने दाबलं की जांभळट गुलाबी रेघ येते. ती रेघ डोंगर पाहत नाही, लष्करी क्षेत्र पाहत नाही. तिला दोन टोकं माहीत असतात, बस.

फिनिक्सच्या पूर्वेला फाल्कन फील्ड हा विमानतळ, त्याच्याही पूर्वेला सुपरस्टिशन डोंगर. २३ नोव्हेंबर २०११, थँक्सगिव्हिंगच्या आदल्या संध्याकाळी ट्विन कमांडर ६९०ए जातीचं एक विमान फाल्कन फील्डहून सॅफर्ड गावाकडे निघालं. चंद्र नसलेली रात्र, हवा स्वच्छ. फिनिक्सच्या नियंत्रित हवाई क्षेत्राच्या तळाखालून, ४,५०० फुटांच्या आसपास, थेट सॅफर्डच्या दिशेने. काही मिनिटांत विमान डोंगरावर आदळलं. सहा जण गेले, त्यात तीन मुलं. टॅब्लेटने घात केला असं मी मुळीच म्हणत नाही. पण तो डोंगर दिवसा आमच्याकडून नुसता दिसत नाही, अंगावर येतो. रात्री तिथे काळ्यावर काळं. सरळ रेघ आणि अंधार एकत्र आले की काय होतं ते दाखवायला मला दुसरं उदाहरण लागत नाही.

म्हणून रेघ बोटाने ओढून वाकवा. ॲपमध्ये बाजूने जमिनीचा छेद दाखवणारं दृश्य असतं, ते उघडा. आणि चार्टवर प्रत्येक चौकोनात मोठा आणि त्याला चिकटून लहान असे आकडे छापलेले असतात, त्या चौकोनातल्या सर्वांत उंच गोष्टीची उंची सांगणारे. आपल्या वाटेतले ते आकडे मी विद्यार्थ्याला मोठ्याने वाचायला लावते आणि चिठ्ठीवर लिहायला लावते. शाळेतल्या पाढ्यांसारखं. हसतात, पण वाचतात.

रडारचं चित्र म्हणजे खिडकी समजणे

ॲरिझोनातही पावसाळ्याला मॉन्सूनच म्हणतात, अधिकृतपणे १५ जून ते ३० सप्टेंबर. हे ऐकून आपली मुलं खूश होतात आणि मग कोकणातल्या पावसाची अपेक्षा धरतात. इथला मॉन्सून म्हणजे दुपारी वाढत जाणारे ढगांचे मनोरे आणि कधी कधी शहर गिळणारी धुळीची भिंत.

टॅब्लेटवर जमिनीवरच्या केंद्रांकडून हवामान येतं, त्यात रडारचं चित्र असतं आणि शेजारी ते किती मिनिटं जुनं आहे तेही लिहिलेलं असतं. ती मिनिटं चित्र तयार झाल्यापासूनची असतात. मूळ निरीक्षणं त्याहून जुनी. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१२ मध्येच सावध केलं होतं की टोकाच्या वेळी खरा फरक दाखवलेल्यापेक्षा १५ ते २० मिनिटांनी जास्त असू शकतो. वीस मिनिटांत इथला ढग जन्माला येऊन जवान होतो.

तरी "ताई, या दोन लाल ठिपक्यांच्या मधून फट आहे" हे वाक्य मी दर उन्हाळ्यात ऐकते. फट होती, वीस मिनिटांपूर्वी. ते चित्र लांबून वळसा कुठून घालायचा हे ठरवायला वापरा. मधून घुसायला नाही. परत जाऊन भारतीय लायसन्स करणाऱ्यांनी तर या सोयीची सवयच लावून घेऊ नये, कारण इथल्यासारखं मोफत हवामान-प्रसारण तिकडच्या आकाशात नाही. निघण्याआधी मेटार आणि टाफ, म्हणजे विमानतळाचा हवामान-अहवाल आणि अंदाज, नीट वाचायची सवय तिथे जास्त उपयोगी पडेल.

बाकीच्या, पटापट

स्वस्तात मिळाला म्हणून निव्वळ वायफायवाला आयपॅड घेणे. त्यात जीपीएस नसतो. घरी आपली जागा दाखवणारा ठिपका बरोबर दिसतो कारण आजूबाजूच्या वायफायवरून तो जागा ओळखतो. हवेत गेल्यावर ठिपका आपला विमानतळावरच बसून राहतो. सिमकार्डवाला घ्या, सिम नसलं तरी चालतं, किंवा वेगळा जीपीएस रिसीव्हर जोडा.

नकाशे डाउनलोड न करता निघणे. पार्किंगमध्ये मोबाइलच्या जोरावर सगळं दिसतं, वर गेल्यावर रिकामे चौकोन. मी विमानापाशी पोहोचल्यावर टॅब्लेट एअरप्लेन मोडवर टाकायला लावते आणि मग नकाशा सरकवून दाखवायला सांगते. नेव्हिगेशनचा डेटा दर २८ दिवसांनी बदलतो, तारीख पाहा.

उड्डाणाच्या आदल्या रात्री सॉफ्टवेअर अपडेट करणे. एप्रिल २०१५ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सच्या वैमानिकांच्या आयपॅडवरचं चार्टचं ॲप बंद पडलं, कारण एकाच विमानतळाच्या एका चार्टच्या दोन प्रती त्यात शिरल्या होत्या. कित्येक विमानांना उशीर झाला. त्यांच्या मागे अख्खा तांत्रिक विभाग होता. तुमच्या मागे कोण आहे?

लष्कराच्या जीपीएस अडथळ्याच्या चाचण्यांचे नोटॅम, म्हणजे वैमानिकांसाठीच्या सूचना, न वाचणे. नैऋत्य अमेरिकेत या चाचण्या होत असतात. ठिपका गायब झाला की काय करायचं? वर चिठ्ठीचं सांगितलंय.

टॅब्लेट योकवर, म्हणजे विमानाच्या स्टिअरिंगवर, बसवून कंट्रोल्स न तपासणे. योक पूर्ण मागे ओढा, दोन्हीकडे पूर्ण वळवा, जमिनीवरच. एकाच्या पोटाला लागत होता टॅब्लेट. मोठा टॅब्लेट दिसायला छान, पण १७२ मध्ये आयपॅड मिनी पुरतो.

चुंबकवालं कव्हर होकायंत्राजवळ ठेवणे. होकायंत्र बिनदिक्कत खोटं बोलू लागतं, आणि मग त्यावरून जुळवलेलं हेडिंगचं दुसरं यंत्रही खोटं. कव्हर जवळ नेऊन होकायंत्र कसं फिरतं ते एकदा स्वतः बघा.

ॲपमध्ये चुकीचं विमान निवडून वजनाचा हिशेब काढणे. आमच्याकडे एकाच जातीची अनेक विमानं आहेत, प्रत्येकाचं रिकामं वजन वेगळं. शेपटीवरचा नंबर जुळवा.

आणि पोलराइज्ड, म्हणजे चकाकी अडवणारा, गॉगल. एक मुलगा माझ्याकडे तणतणत आला, नवा टॅब्लेट खराब निघाला, आडवा धरला की पडदा काळा होतो, आजच दुकानात परत करणार. पावतीसुद्धा शोधून आणली होती. मी म्हटलं, बाळा, आधी तो गॉगल काढ.