वस्तीत काम करता करता परफॉर्मन्सचं शिक्षण कसं घ्यायचं (ठाणे-नवी मुंबईवाल्यांसाठी)

कॉलेजात एकांकिका करून झाल्यात, ठाण्याच्या गडकरी रंगायतनच्या नाहीतर वाशीच्या भावे नाट्यगृहाच्या विंगेत उभं राहून झालंय, शनिवार-रविवार किसननगर नाहीतर तुर्भे स्टोअरला मुलांना किंवा बायकांना घेऊन काहीतरी चाललंय, आणि आता वाटतंय की हे रीतसर शिकायला पाहिजे, अशा लोकांसाठी हे लिहितोय. ॲडमिशनचा सिझन आला की हाच प्रश्न कोणी ना कोणी विचारतंच, म्हणून एकदाच सविस्तर.

आधी आपल्याला काय शिकायचंय ते नक्की करा. ॲक्टिंगचा कोर्स वेगळा, दिग्दर्शनाचा वेगळा, आणि परफॉर्मन्स मेकिंग अजून वेगळं. यात बऱ्याचदा हातात तयार संहिता नसते, माणसं असतात, एखादी जागा असते, लोकांच्या आठवणी, वस्तू, रोजची कामं असतात, त्यातून प्रयोग बांधत जायचा, याला सगळे डिव्हायजिंग म्हणतात. जर्मनीचा रिमिनी प्रोटोकोल नावाचा ग्रुप एका शहरातली शंभर साधी माणसं त्या शहराच्या लोकसंख्येच्या प्रमाणात निवडून स्टेजवर आणतो. अमेरिकेत सुझान लेसी हिने १९८७ मध्ये मिनियापोलिसला ४३० म्हाताऱ्या बायकांना टेबलांभोवती बसवून म्हातारपणाबद्दल बोलतं केलं आणि तेच परफॉर्मन्स होतं. आपल्याकडे अतुल पेठेंनी पुणे महापालिकेच्या सफाई कामगारांना घेऊन गो. पु. देशपांडेंचं महात्मा फुल्यांवरचं नाटक बसवलं, तिथे संहिता तयार होती पण ती कोणाच्या तोंडून येतेय याने सगळा अर्थ बदलला. या तिन्हीतलं कुठलं काम आपल्याला जास्त जवळचं वाटतं ते बघा, कोर्स निवडताना तेच उपयोगी पडतं.

दुसरी गोष्ट मी फार मनापासून सांगतो, ॲडमिशनच्या आधी निदान एक वर्ष एकाच गटाबरोबर टिकून राहा. आज कळव्यात वर्कशॉप, उद्या दिघ्यात, परवा येऊरच्या पाड्यावर, असं करून पोर्टफोलिओत फोटो खूप जमतात पण मुलाखतीत कोणी विचारलं की या लोकांचं पुढे काय झालं, तर सांगण्यासारखं काही नसतं. ठाण्यात तर या बाबतीत मोठी शिदोरी आहे, रत्नाकर मतकरींनी समता विचार प्रसारक संस्थेबरोबर वंचितांचा रंगमंच उभा केला, वस्तीतली पोरं स्वतःच्या जगण्यातले विषय घेऊन स्वतःच नाटक करायला लागली. मतकरी २०२० मध्ये गेले. ठाण्यात राहून या विषयात शिकायचं आणि हे माहीत नाही असं होऊ देऊ नका. अशा कामात आधी मदतनीस म्हणून जा, सतरंज्या घाला, हजेरी घ्या, पोरांना घरी सोडा, त्यातून जे कळतं ते कुठल्याही वर्कशॉपमध्ये कळत नाही.

आता प्रत्यक्ष काम कसं करायचं त्याचं एक उदाहरण देतो कारण पोर्टफोलिओत आणि नंतर वर्गातही तुम्हाला हेच मांडायचंय. वागळे इस्टेटच्या बाजूला घरकाम करणाऱ्या बायकांबरोबर आम्ही समाजमंदिरात बसायचो, वेळ दुपारी तीन ते साडेचार, कारण त्याआधी दुपारची कामं आणि त्यानंतर संध्याकाळची कामं आणि पाणी. (वेळ त्यांच्या सोयीने ठरते, तुमच्या लोकलच्या सोयीने नाही, हे पहिल्या दिवशीच मान्य करा.) प्रत्येकीला एक खडू दिला आणि सांगितलं, तुम्ही ज्या घरात कामाला जाता त्या घराचा नकाशा फरशीवर काढा, खऱ्या मापाचा, आणि मग दार उघडण्यापासून निघेपर्यंत न बोलता त्यात फिरून दाखवा. एकीने तर वॉशिंग मशीनचा पाइप कुठून जातो तेही काढलं, बाल्कनीतल्या कुंड्या मोजून काढल्या. सगळ्यांचं फिरून झाल्यावर त्यातलीच एक म्हणाली, अगं आपण कुणीच बसायची जागा नाही काढली.

इथे थांबायला शिकायचं. एकांकिकेची सवय असली की लगेच हात शिवशिवतात, यावर एक मोनोलॉग लिहू, शेवटी ब्लॅकआऊट, टाळ्या. पण मोनोलॉग तुमचा होतो, शोध त्या बाईचा होता. आम्ही खडूचे नकाशेच ठेवले, बघायला येणाऱ्यांना चप्पल काढून त्या रेषांच्या आत उभं केलं, आणि बायका आपापलं काम करत त्यांच्या बाजूने जात राहिल्या, तेवढाच प्रयोग. साहित्य कुठून आलं, त्यातून रचना कशी झाली, काय काढून टाकलं आणि का, हे तीन प्रश्न प्रत्येक वेळी वहीत लिहून ठेवा, तारीख आणि किती तास काम केलं तेही. तास का ते पुढे सांगतो.

शिकायचं कुठे? जवळचं म्हणजे मुंबई विद्यापीठाची अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स, कालिना कॅम्पसला, २००३ साली वामन केंद्रेंनी सुरू केली, दोन वर्षांचा पूर्णवेळ मास्टर्स. त्याच कॅम्पसमध्ये लोककला अकादमी आहे, तमाशा, भारूड, गोंधळ, पोवाडा यातून तुमचं काम येत असेल तर तिकडे नक्की चौकशी करा. पुण्यात विद्यापीठाचं ललित कला केंद्र, तिथे गुरुकुल पद्धत आहे आणि सतीश आळेकर बरीच वर्षं तिथले प्रमुख होते. संभाजीनगरच्या विद्यापीठातही नाट्यशास्त्र विभाग आहे. दिल्लीला एनएसडी म्हणजे राष्ट्रीय नाट्य विद्यालय, तीन वर्षांचा डिप्लोमा, पदवी लागते आणि नाटकांत काम केल्याचे दाखले लागतात. आणि जर तुमचा ओढा विचाराकडे, अभ्यासाकडे जास्त असेल तर जेएनयूचं स्कूल ऑफ आर्ट्स अँड एस्थेटिक्स. खरं सांगायचं तर आपल्याकडच्या बऱ्याच कोर्समध्ये मुख्य धडा अजून नाटकाचा आहे, अभिनय, दिग्दर्शन, नेपथ्य, प्रकाशयोजना, आणि वस्तीतलं काम तुम्हाला तुमच्या प्रोजेक्टमधून आत आणावं लागतं, त्याची तयारी ठेवा. माझ्या मते त्यात नुकसान काही नाही, प्रकाशयोजना येत असेल तर बुद्धविहाराच्या दोन ट्यूबलाइटमध्येही काय करता येईल ते कळतं.

बाहेर जायचं म्हणाल तर इंग्लंडमध्ये मास्टर्स साधारण एका वर्षाचा असतो, आणि लंडनचं रॉयल सेंट्रल स्कूल अप्लाइड थिएटरसाठी, म्हणजे शाळा, तुरुंग, वस्त्या अशा ठिकाणच्या नाटकासाठी ओळखलं जातं. खर्च प्रचंड, तेव्हा स्कॉलरशिपशिवाय विचार करू नका. चेव्हनिंग या ब्रिटिश सरकारच्या स्कॉलरशिपला दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, ते २८०० तास धरतात, त्यात पार्ट टाइम आणि बिनपगारी काम पण चालतं, म्हणून वहीत तास लिहा म्हटलं. शिक्षण संपल्यावर दोन वर्षं मायदेशी परत यावं लागतं, आपल्या कामाच्या दृष्टीने ती अट चांगलीच आहे. इथल्या इथे बघायचं तर केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची तरुण कलाकारांसाठीची शिष्यवृत्ती आहे, वय १८ ते २५, महिना ५००० रुपये, दोन वर्षं. बंगळुरूची इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स पदवीसाठी पैसे देत नाही, पण कलेच्या प्रकल्पांना अनुदान देते आणि प्रस्ताव मराठीत लिहून पाठवला तरी चालतो, इंग्रजीला घाबरून मागे राहणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा.

अर्जातलं स्टेटमेंट लिहिताना "मला लहानपणापासून रंगभूमीची आवड" याने सुरुवात करू नका, शंभरातले नव्वद जण तेच लिहितात. खडूच्या नकाशासारखी एक घटना घ्या, काय बघितलं, काय कळलं नाही, आणि ते कळायला विद्यापीठ का लागतं, एवढं लिहा. व्हिडिओ पाच मिनिटांच्या वर नको, आणि त्यात कट मारून मारून पार्श्वसंगीत टाकलेला ट्रेलर नको, एक सलग तुकडा द्या, परीक्षकांना तुम्ही खोलीत कसे वागता ते बघायचं असतं.

संदर्भांबद्दल. कुठेही गेलात तरी ऑगस्टो बोआल भेटणारच, ब्राझीलचा, त्याचं फोरम थिएटर, म्हणजे अन्यायाचा प्रसंग एकदा करून दाखवायचा, मग परत सुरू करायचा आणि प्रेक्षकातल्या कोणीही "थांबा" म्हणून पात्राची जागा घेऊन दुसरा मार्ग करून बघायचा. बंगालमध्ये १९८५ साली सुरू झालेला जन संस्कृती हा ग्रुप गावागावात ते करत आलाय. जरूर शिका. पण निबंधात फक्त बोआल आणि आपलं काहीच नाही असं नको. गाण्या-नाट्यातून प्रबोधन करणारे सत्यशोधकी जलसे, आंबेडकरी जलसे, अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकरांचं लाल बावटा कलापथक, ही आपली वंशावळ आहे. नवी मुंबईत काम करत असाल तर १९८४ चं उरणकडच्या जासईचं शेतकरी आंदोलन, त्याचे नेते दि. बा. पाटील, सिडकोने घेतलेल्या जमिनी, गोळीबारात गेलेले पाच शेतकरी, हे घराघरात जिवंत आहे, ज्यांनी ते बघितलंय ती आजी-आजोबा मंडळी अजून ओटीवर बसून सांगतात, ते ऐकून घ्या.

आता सगळ्यात नाजूक मुद्दा, संमती. विद्यापीठ, विशेषतः परदेशातलं, तुमच्याकडून सह्या केलेले फॉर्म मागणार. पण किसननगरसारख्या ठिकाणी जिथे क्लस्टर, पुनर्विकास, एसआरए (झोपडपट्टी पुनर्वसन) यासाठी कागद घेऊन माणसं दारोदारी फिरलीत तिथे सही म्हटलं की लोकांच्या पोटात गोळा येतो, आणि तो बरोबरच येतो. फॉर्म आधी मराठीत किंवा हिंदीत मोठ्याने वाचून दाखवा, बोलून दिलेली संमती रेकॉर्ड केली तर चालेल का हे गाइडला पहिल्या महिन्यातच विचारा, आणि प्रत्येक प्रयोगाच्या आधी परत विचारा, एकदाचा हो म्हणजे कायमचा हो नाही. त्या घरकामवाल्या ताईंपैकी एक म्हणाल्या होत्या, फरशीचा फोटो घ्या, माझा नको, मॅडमनी बघितला तर काम जाईल. मार्कांसाठी फोटो कितीही हवा असला तरी विषय तिथेच संपतो. मुलं असतील तर आई-वडिलांना विचाराच पण मुलांनाही वेगळं विचारा. आणि नाका कामगारांना तालमीला बोलावलं तर त्यांचा रोज बुडतो, तो प्रोजेक्टच्या बजेटमध्ये पहिल्या ओळीवर धरा, लाइट भाड्याच्या आधी.

परवानग्या थोडक्यात: महाराष्ट्रात नाटकाचा जाहीर प्रयोग करायचा तर संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून मंजूर करून घ्यावी लागते, डिव्हायजिंगमध्ये संहिता शेवटपर्यंत हलत असते म्हणून वेळेत एक लेखी रूप तयार ठेवा. रस्त्यावर किंवा मैदानात करणार तर पोलीस स्टेशन आणि महापालिकेचं वॉर्ड ऑफिस. रात्री दहानंतर लाऊडस्पीकर नाही.

कालिनाचा प्रवास ठाण्याहून सेंट्रलने कुर्ला, वाशी-नेरूळहून हार्बरने कुर्ला, पुढे बस नाहीतर रिक्षा. अवघड नाही पण दिवसभर क्लास, संध्याकाळी तालीम, आणि परत येईपर्यंत वस्तीत दिवे मालवलेले. म्हणून विभागात चौकशीला जाल तेव्हा ब्रोशर घेऊन येऊ नका, सेकंड इयरच्या पोरांना कॅन्टीनमध्ये गाठा आणि विचारा: कॅम्पसबाहेर केलेलं काम परीक्षेला धरतात का, परीक्षक वस्तीत येऊन प्रयोग बघतात का की ऑडिटोरियममध्येच आणायला लावतात, प्रबंध मराठीत लिहिता येतो का, आणि आठवड्यातली एक दुपार कायमची मोकळी मिळते का. शेवटच्याला नाही म्हणाले तर जाण्याआधी आपल्या गटाला तसं स्पष्ट सांगा आणि दर आठवड्याला तिथे बसणारं दुसरं कोणीतरी तयार करून मगच फी भरा.