निसटणाऱ्या खांद्यासाठी पट्टा घेताय? या चुका टाळा

खांदा एकदा निखळला आणि डॉक्टरांनी तो जागेवर बसवला, की घरात पट्ट्याची शोधाशोध सुरू होते. ‘शोल्डर सपोर्ट’ एवढंच लिहून शोधलं तर एकाच पानावर सगळं येतं: गळ्यात अडकवायची झोळी, हात अंगाशी जखडून ठेवणारा, कमरेच्या पट्ट्यासकट मिळणारा इमोबिलायझर, निओप्रीनची (ताणल्या जाणाऱ्या रबरी कापडाची) अर्धी बंडी, पाठीवर फुली येणारा बेल्ट. वर्णनं मात्र एकाच साच्यातली. दुखणं कमी होईल, आधार मिळेल, सर्वांना चालेल. ‘सर्वांना चालेल’ असं लिहिलेलं दिसलं की मी तरी ती वस्तू सोडून देतो. अस्थिर खांद्याला आधार द्यायचा म्हणजे त्याची एक ठरावीक हालचाल अडवायची. ती हालचाल कोणती, हे खांदा कसा निसटतो त्यावर ठरतं.

दिशा माहीत नसताना खरेदी करणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर.

खुब्याच्या सांध्याची उखळ खोल असते, खांद्याची बशीइतकी उथळ. तिच्या काठाला लॅब्रम नावाची चिवट कड असते, भोवती अस्थिबंध आणि रोटेटर कफचे चार स्नायू. दंडाच्या हाडाचा गोळा जागेवर राहतो तो मुख्यतः या मऊ भागांच्या जोरावर. खांदा निखळताना बहुतेक वेळा हेच भाग फाटतात किंवा ताणले जातात. एमआरआयच्या अहवालात ‘बँकार्ट’ असा उल्लेख असेल तर लॅब्रमची पुढची कड सुटली आहे, असा त्याचा अर्थ.

निखळणाऱ्या खांद्यांपैकी सुमारे ९५ टक्के पुढच्या बाजूला निखळतात. त्यांची धोक्याची स्थिती ठरलेली असते: हात बाजूने वर उचललेला आणि बाहेरच्या दिशेला वळलेला. चेंडू जोरात फेकण्याआधी हात मागे नेतो, ती स्थिती. अशा खांद्याला हवा असलेला ब्रेस, म्हणजे हालचाल अडवणारा पट्टा, हात बाजूने वर जाणं आणि बाहेर वळणं, या दोन्ही हालचाली ठरावीक कोनापुढे थांबवतो. नुसता खांद्याभोवती घट्ट बसणारा बाहीसारखा सपोर्ट हे काम करत नाही. त्याने ऊब मिळते, दाब मिळतो, सांधा कुठे आहे याचं भान थोडं वाढतं. काहींना तेवढ्यानेही बरं वाटतं, पण धोक्याच्या कोनात गेलेला हात तो अडवू शकत नाही.

मागच्या बाजूला निखळणारे खांदे कमी असतात. फिट येणं, विजेचा झटका बसणं किंवा हात पुढे असताना समोरून जोराचा दणका बसणं ही त्याची नेहमीची कारणं. इथे सगळं उलटं होतं. हात समोर, आत वळलेला आणि त्यावर मागे रेटणारा जोर, ही धोक्याची स्थिती. म्हणजे हात पोटावर बांधून ठेवणारी नेहमीची झोळी या खांद्याला नको त्या स्थितीतच ठेवते. त्यासाठी हात सरळ किंवा किंचित बाहेर वळलेला ठेवणारा ब्रेस लागतो आणि तो डॉक्टरांनीच ठरवायचा असतो. आणखी एक गोष्ट सांगायला हवी. मागे निखळलेला खांदा फक्त समोरून काढलेल्या एक्स-रेमध्ये सहज नजरेतून सुटतो. पडल्यानंतर हात बाहेरच्या बाजूला वळतच नसेल, तर वेगळ्या कोनातून एक्स-रे काढायला हवा का, हे जरूर विचारा.

तिसरा गट सगळ्या दिशांना सैल असणाऱ्या खांद्यांचा. मोठी दुखापत नसते, बऱ्याचदा दोन्ही खांदे सैल असतात, अंगठा मनगटाकडे वाकवला की थेट मनगटाच्या वरच्या हाताला टेकतो. इथे ब्रेसकडून फारशी अपेक्षा ठेवू नये. खांद्याच्या पात्याचे आणि रोटेटर कफचे स्नायू काही महिने नेटाने बळकट करणं हाच इथला पहिला उपचार.

पट्ट्यांची दिशा बदलता येणारा ब्रेस घेतला असेल तर माहितीपत्रकातल्या आकृत्या नीट पाहा. पुढे निखळणाऱ्या खांद्यात पट्टा दंडाला आत आणि छातीकडे आणणारा हवा. तोच उलटा गुंडाळला तर दंड बाहेर वळतो. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही बांधण्या सारख्याच नेटक्या दिसतात.

दुसऱ्याच आजाराचा पट्टा घेणं

पाठीवर फुली येणारा बेल्ट गळ्याच्या हाडासाठी किंवा बसण्याची ढब सुधारण्यासाठी असतो. तो खांदे मागे ओढतो, दंडाच्या गोळ्याला धरत नाही. पक्षाघातानंतर खाली लोंबणाऱ्या खांद्याचा सपोर्ट वेगळा असतो, कारण तिथे हाताचं वजन पेलायचं असतं. खांद्याच्या टोकाला गळ्याचं हाड जिथे जुळतं तो सांधा उचलला गेला असेल, तर तीही निराळी दुखापत आहे. नाव सगळ्यांचं ‘शोल्डर ब्रेस’च.

टी-शर्टच्या मापावर ब्रेस मागवणं

टी-शर्ट लार्ज म्हणून ब्रेसही लार्ज, हा हिशोब इथे लागू होत नाही. दोन मापं टेपने घ्या: काखेखालून छातीचा घेर, श्वास रोखून न धरता, आणि खांदा ते कोपर यांच्या मध्यावर दंडाचा घेर. मग त्याच कंपनीचा तक्ता पाहा, कारण एकीचं मीडियम दुसरीचं लार्ज असू शकतं. छाती एका मापात आणि दंड दुसऱ्या मापात बसत असेल, तर दंडाचा पट्टा स्वतंत्रपणे आवळता येणारा प्रकार शोधा. डावा की उजवा हेही मागवताना तपासा. दोन्ही बाजूंना चालणारे असतात, पण सगळे नसतात.

ब्रेस हातात आल्यावर आरशासमोर घाला आणि दुसऱ्या कुणाला शेजारी उभं करा. हात बाजूने सावकाश उचला. जिथे खांदा निसटेल अशी भीती वाटू लागते, त्याच्या बऱ्याच आधी ब्रेसने अडवायला हवं. नंतर पाच-दहा मिनिटं चाला, हात हलवा आणि पुन्हा तेच करून पाहा. निओप्रीन ताणतं, वेल्क्रो सरकतो, घामाने पकड सुटते. सुरुवातीला बांधलेला कोन खेळाच्या मध्यापर्यंत तोच राहील असं धरून चालू नका. मध्यंतरात पट्टे पुन्हा आवळायची सवय लावून घ्या.

झोळी जास्त दिवस घालणं आणि चुकीची घालणं

पहिल्यांदा पुढच्या बाजूला निखळल्यानंतर साधी झोळी सहसा एक ते तीन आठवडे देतात. ती आणखी लांबवली म्हणून पुन्हा निखळण्याचा धोका घटतो असं दिसलेलं नाही. उलट खांदा आखडतो, वय चाळिशीच्या पुढे असेल तर लवकरच. हात बाहेर वळवून ठेवणारे ब्रेस वापरून पाहिले गेले. सुरुवातीचे निष्कर्ष उत्साह वाढवणारे होते, पुढच्या अभ्यासांमध्ये एकमत झालं नाही. ते आपल्या मनाने मागवायची गोष्ट नाही.

झोळीत कोपर मागच्या कोपऱ्यापर्यंत पूर्ण बसलं पाहिजे आणि हात कोपरापेक्षा किंचित वर असावा. मनगट काठावरून लोंबत असेल तर झोळी आखूड आहे. कोपर खाली झुकलं असेल तर पट्टा सैल आहे आणि सगळा भार खांद्यावर येतो. बोटं आणि मनगट दिवसभर हलवत राहा, कोपर उघड-मीट कधी करायची ते विचारून घ्या. झोपताना उताणं पडून दंडाखाली उशी ठेवली की कोपर मागे जात नाही. झोळीत हात असताना गाडी चालवणं नको.

पट्टा घातला, पण…

मान दुखतेय: झोळीचा पट्टा एकाच जागी मानेवर रुततोय. जाड पॅड लावा किंवा भार दुसऱ्या खांद्यावर आणि पाठीवर वाटून देणारा प्रकार घ्या.

बोटं सुन्न, गार किंवा निळसर पडताहेत: ताबडतोब सैल करा. काखेतला किंवा दंडाचा पट्टा जास्त आवळला आहे. सैल करूनही अर्ध्या तासात फरक नसेल तर तसंच थांबू नका.

अंगावर पुरळ उठलं: घाम आणि घर्षण हे साधं कारण. पण काहींना निओप्रीन बनवताना वापरलेल्या रसायनांचीच ॲलर्जी असते. ब्रेसच्या नेमक्या आकारात खाजरं पुरळ उठलं तर ही शक्यता धरा. आत पातळ सुती बनियन घालून पाहा, नाहीतर वेगळ्या कापडाचा ब्रेस घ्या. धुताना गार पाणी, साधा साबण, सावलीत वाळवणं आणि वेल्क्रो बंद करून ठेवणं. गरम पाण्यात निओप्रीनचा ताण जातो.

पोहता येत नाही, सर्व्हिस करता येत नाही: ब्रेस आपलं काम बरोबर करतोय. ज्या खेळात हात डोक्यावरून नेणं हेच मुख्य काम, तिथे हालचाल अडवणारा ब्रेस जमत नाही. सैल करून खेळणं म्हणजे ब्रेस न घालता खेळणं.

ब्रेसला स्नायूंचं काम सोपवणं

अंगाला अंग भिडणाऱ्या खेळांत हंगाम संपेपर्यंत खेळाडू ब्रेस घालून उतरतात, आणि त्यात गैर काही नाही. पण ब्रेसमुळे खांदा पुन्हा निखळणं टळतं, याचा भक्कम पुरावा नाही. व्यायाम ठरलेल्या क्रमाने चालू असतील, ताकद दोन्ही बाजूंना जवळपास सारखी झाली असेल आणि धोक्याच्या स्थितीची भीती गेली असेल, तर ब्रेस जोडीला ठीक. यातलं काही नसताना फक्त ब्रेसच्या भरवशावर मैदानात उतरणं मला पटत नाही. विशेषतः विशीच्या आतबाहेरच्या मुलामुलींनी, कारण पुन्हा निखळण्याचा धोका याच वयात सगळ्यात जास्त असतो. दुसऱ्यांदा निखळल्यावर आणखी महागडा ब्रेस शोधण्यापेक्षा लॅब्रम आणि हाडाची झीज तपासून शस्त्रक्रियेबद्दल विचारणं जास्त उपयोगाचं. चाळिशीनंतर पहिल्यांदाच निखळला आणि काही आठवड्यांनीही हात वर जात नसेल, तर रोटेटर कफ फाटला आहे का ते तपासून घ्यावं.

काही वेळा ब्रेसचा विचारही करायचा नसतो. खांद्याचा आकार बदललेला दिसतोय आणि तो आपोआप जागेवर आलेला नाही; दंडाच्या वरच्या बाहेरच्या भागात संवेदना कमी झाली आहे; हात गार किंवा पांढरा पडलाय. अशा वेळी घरातल्या कुणालाही तो ओढून बसवू देऊ नका, तिथून जाणाऱ्या नसा आणि रक्तवाहिन्या त्यात दुखावतात. हात आहे त्या स्थितीत उशी किंवा ओढणीचा आधार देऊन स्थिर ठेवा आणि थेट रुग्णालय गाठा.