फेझंट उठला आणि निघूनही गेला: चोक बदलताना या चुका टाळा

अमेरिकेतल्या साउथ डकोटात ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवारी फेझंट या कोंबडीएवढ्या रानपक्ष्याच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो. माझ्या पहिल्या हंगामातला पहिला नर मक्याच्या धांड्यांतून जेमतेम १५ यार्डांवर फडफडत उठला. मी दोन बार काढले, आणि तो आरामात पलीकडच्या शेतात जाऊन उतरला. माझ्या छर्ऱ्यांच्या बंदुकीला (शॉटगनला) फुल चोक होता, म्हणजे नळीचं तोंड बरंच आवळलेलं. जितका आवळलेला चोक तितका भारी, एवढीच माझी अक्कल होती.

नवशिक्यांची सगळ्यात मोठी चूक हीच, आणि जुनी मंडळीही ती करतात. चोक म्हणजे नळीच्या तोंडाशी शेवटच्या काही सेंटिमीटरांत केलेला निमुळता भाग. बारा बोअरच्या (शॉटगनच्या नेहमीच्या मापाच्या) नळीचा आतला व्यास ०.७२९ इंच धरतात. तोंडाशी तो ०.०१० इंचाने कमी असेल तर इम्प्रूव्हड सिलिंडर, ०.०२० ने कमी तर मॉडिफाइड, ०.०३५ च्या आसपास फुल. सगळा खेळ वहीच्या नऊ-दहा पानांच्या जाडीत. पण २० यार्डांवर फुल चोकच्या छर्ऱ्यांचा पसारा साधारण १६ इंच होतो, इम्प्रूव्हड सिलिंडरचा २६ इंच. जवळच्या पक्ष्यावर फुल वापरलात तर एकतर बार हुकतो, नाहीतर लागतो आणि पक्षी खाण्याजोगा उरत नाही.

पक्षी बघून चोक ठरवा, बंदुकीची ऐट बघून नव्हे. लावे आणि झाडीतले ग्राउझ (तित्तिरासारखे रानपक्षी) पायाशी उठतात, तिथे सिलिंडर (अजिबात न आवळलेलं तोंड) किंवा स्कीट (अगदी किंचित आवळलेलं) पुरतो. होल्यांना इम्प्रूव्हड सिलिंडर किंवा मॉडिफाइड. हंगामाच्या सुरुवातीला फेझंटला इम्प्रूव्हड सिलिंडर चालतो. डिसेंबरात शहाणे झालेले पक्षी लांबूनच उठतात, तेव्हा मॉडिफाइड लावा. दुनळी असेल तर एका नळीत एक, दुसरीत दुसरा, ही सोय फार छान. टर्कीचं गणित वेगळं. तिथे बसलेल्या पक्ष्याच्या डोक्या-मानेवर नेम असतो, म्हणून एक्स्ट्रा फुल. टर्कीसाठी लावलेली ही नळकांडी (नळीच्या तोंडात आट्यांनी बसवायचे सुटे चोक) शरद ऋतूत, इतर पक्ष्यांच्या हंगामात, काढायची विसरलेले दोघे तरी मला ठाऊक आहेत.

आता पोलादी छर्रे. अमेरिकेत बदकं-हंसांसाठी शिशाच्या छर्ऱ्यांवर १९९१ पासून देशभर बंदी आहे, त्यामुळे तळ्यावर जाणाऱ्याला हा विषय टाळता येत नाही. शिसं मऊ, नळीतून जाताना छर्रे चेपतात, वेडेवाकडे होतात आणि भरकटतात. पोलाद चेपत नाही, गोल राहतं, म्हणून पसारा आवळूनच येतो. पोलादासाठी इम्प्रूव्हड सिलिंडर लावलात तर निकाल शिशाच्या मॉडिफाइडसारखा दिसतो. फसवी बदकं मांडून जवळच्या बदकांवर बार काढायचे असतील तर तेवढं पुष्कळ. जाड पोलादी छर्रे आवळलेल्या चोकमधून मारले तर चोक फुगू शकतो, नळीही खराब होते. काही नळकांड्यांवर फक्त शिशासाठी असं स्पष्ट लिहिलेलं असतं, ते वाचा. आजोबांच्या काळातल्या जुन्या पातळ नळीत तर पोलाद घालूच नका. शिवाय पोलाद हलकं असल्याने छर्रा दोन नंबर जाड घ्यावा लागतो (नंबर जितका लहान, तितका छर्रा जाड): शिशाचा ६ नंबर वापरत असाल तर पोलादाचा ४.

नळकांड्यावर कोरलेल्या शब्दावर आंधळा विश्वास ठेवू नका. आवळ ही नळी आणि चोक यांच्या व्यासातली वजाबाकी आहे. ०.७०९ इंचाचं तोंड ०.७२९ च्या नळीला मॉडिफाइड ठरेल, पण ०.७४२ पर्यंत रुंदावलेल्या नळीत वजाबाकी ०.०३३ येते, म्हणजे जवळपास फुल. काठावरच्या खाचांनीही ओळख पटते. अनेक कंपन्यांत एक खाच म्हणजे फुल, खाचा वाढतील तसा चोक मोकळा. पण सगळ्यांची पद्धत एक नाही. आटेही सगळीकडे जुळत नाहीत, तेव्हा ‘बसतंय तर’ म्हणून दुसऱ्याचं नळकांडं घुसवू नका.

खरा निवाडा कागदावर होतो. मोठा कागद टांगा, नेहमी पक्षी मिळतो त्या अंतरावरून, हंगामात वापरणार तेच काडतूस मारा. दाट भागाभोवती ३० इंचांचं वर्तुळ काढा, भोकं मोजा आणि काडतुसातल्या छर्ऱ्यांच्या संख्येने भागा. ४० यार्डांवर इम्प्रूव्हड सिलिंडरला साधारण ५० टक्के, मॉडिफाइडला ६०, फुलला ७० अपेक्षित. एकाच बारावर निकाल लावू नका. निदान तीन-चार कागद खर्च होऊ द्या. मोजणी कंटाळवाणी आहे, मीही दर वेळी करत नाही, पण नवीन काडतूस घेतलं की करतोच. वर्तुळाचा मध्य नेमाच्या ठिकाणापासून सरकलेला दिसला, तर चोक तिरका बसला असण्याची शक्यता आहे. मग नेम सुधारत बसू नका, आधी चोक तपासा.

जुन्या बंदुकीचा चोक कायमचा असेल तर तो गनस्मिथकडून (बंदुकीच्या कारागिराकडून) रीम करून, म्हणजे आतून घासून, मोकळा करता येतो. घरी ड्रिलला सॅंडपेपर गुंडाळून हे करणाऱ्याला मी हात जोडतो. काढलेलं लोखंड परत येत नाही, म्हणून थोडं घासून घ्या, कागदावर बघा, मग पुढचं. नळीचं तोंडच कापून टाकलं तर चोक संपतो आणि ती सिलिंडर होते. आणि १८ इंचांपेक्षा आखूड नळी अमेरिकेत नोंदणीशिवाय बेकायदा आहे.

महाराष्ट्रात हे वाचणाऱ्यांसाठी एवढंच, की १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे तिथे पक्ष्यांची शिकार गुन्हा आहे. मात्र स्कीट आणि ट्रॅप या नेमबाजीच्या खेळांत हवेत उडवल्या जाणाऱ्या मातीच्या तबकड्यांना चोकचा हाच हिशेब लागू होतो: स्कीटला मोकळा, ट्रॅपला आवळलेला.

बाकी किरकोळ, पण महागात पडणाऱ्या गोष्टी. नळकांडं काढून उघड्या आट्यांवर कधीही बार काढू नका. ढिलं नळकांडं बारागणिक सैल होत जातं, म्हणून मध्येच बंदूक उघडून, काडतूस बाहेर काढून, हाताने आवळ तपासा. हंगाम संपला की आटे पुसून त्यांवर ग्रीसचा पातळ थर द्या. अडकलंच तर पकडीने ओढू नका. तेल टाकून रात्रभर ठेवा आणि सकाळी त्याच्याच पान्याने फिरवा.